आगराचं पाणी

ही गोष्ट मी अजून कुणाजवळ काढलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, फोनवर आईजवळ नाही, आणि जिच्याजवळ सगळ्यात आधी काढायला हवी होती तिच्याजवळ तर नाहीच. एकदा लिहायला बसले होते. अर्धं पान झालं, मग कुकरची शिट्टी झाली, उठले, आणि परत आल्यावर तो कागद फाडून टाकला. शिट्टीचं निमित्त झालं. मला फाडायचाच होता.

तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते — असं म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत नाही म्हणून तुम्हाला सांगते. हे खरं.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी मुलांना विज्ञान शिकवते. शाळेतली बाई नव्हे मी. आमच्या संस्थेची एक गाडी आहे. तिच्यात पेट्या असतात — भिंगं, लोहचुंबक, वायरी, बल्ब, फुगे, नळ्या, काचेच्या बरण्या. रोहा आणि पेण तालुक्यांतल्या शाळांत गाडी घेऊन जायचं, पाचवी ते आठवीच्या पोरांसमोर पेट्या उघडायच्या, आणि त्यांना स्वतःच्या हाताने करून बघू द्यायचं. पुस्तकात बल्बचं चित्र असतं. आम्ही बल्ब हातात देतो. एवढंच.

आणि मी स्वतः सातवी पास आहे. आठवीची शाळा आमच्या गावापासून लांब होती, आई आजारी होती, घरात माझ्यामागे तीन भावंडं. गाव हिंगोलीकडचं. लग्न झालं, नवऱ्याला इकडे कंपनीत काम मिळालं, म्हणून रोह्याजवळ वरशाला खोली घेतली. इथे आले तेव्हा मला सगळंच ओलं वाटायचं — हवा, कपडे, माणसांचं बोलणंसुद्धा. दिवसभर खोलीत बसून जीव जाईल असं वाटायला लागलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी सांगितलं की रोह्याला लागून अष्टमी गाव आहे, तिथे एक संस्था आहे, त्यांना सामान धुवायला, मोजायला, गाडीत चढवायला बाई पाहिजे. मी गेले. शैलाताईंनी मला ठेवून घेतलं.

शैलाताई म्हणजे आमच्या गाडीच्या प्रमुख. मी त्यांचे उपकार किती सांगू? मी बरण्या धुवत असताना त्या मला विचारायच्या, "ही बरणी आतून लवकर का वाळत नाही ग?" मला वाटायचं, माझं धुणं नीट नाही म्हणतायत. मग कळलं की त्या खरोखरच विचारतायत. माझ्या आयुष्यात मला कुणी असं काही विचारलं नव्हतं. हळूहळू मी मागच्या बाकावर बसून त्यांचे तास ऐकायला लागले. आठवीत जे सुटलं होतं ते मला तिशीला आल्यावर मागच्या बाकावरून मिळालं.

त्यांचा एकच नियम होता. प्रत्येक तासाला फळ्यावर लिहायच्या: जे दिसलं तेच वहीत. पुस्तकात आहे ते नाही, शेजारच्याने लिहिलंय ते नाही, ताईंना आवडेल ते तर नाहीच. एखाद्या मुलाने लिहिलं की चुंबकाला खिळा चिकटला नाही, तर त्या तो खिळा मागून घ्यायच्या आणि स्वतः लावून बघायच्या. एकदा तो खिळा खरंच चिकटला नाही. पितळेचा निघाला.

हे मी एवढं लांबवून का सांगतेय? कारण मला माहीत होतं. नियम मला माहीत होता. नवी होते, कळलं नाही, असं म्हणायला मला जागा नाही.

दोन वर्षं सामान वाहिल्यावर शैलाताई म्हणाल्या की दुसरी गाडी निघतेय, तिच्यासाठी शिकवणारी माणसं हवीत, आणि त्यांच्या मनात मी आहे. पण संस्थेला मदत करणारे लोक मुंबईहून बघायला येणार होते. त्यांना पेणची एक बीएस्सी झालेली मुलगी सुचवली गेली होती. ताई म्हणाल्या, तू एक प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करून त्यांना दाखव. सातवीचा विषय मग निघणार नाही.

सातवीचा विषय. ताईंनी चांगल्या मनाने म्हटलं होतं. मला मात्र त्या दिवसापासून नीट जेवण गेलं नाही. सामान वाहत होते तेव्हा भीती नव्हती, कारण हातून जाण्यासारखं काही नव्हतं. आता होतं.

प्रयोग ठरला मिठाचा. कोमट पाण्यात मीठ घालत जायचं, ढवळत जायचं, पाणी आणखी मीठ घेईना झालं की थांबायचं. बरणीवर पेन्सिल आडवी ठेवायची, तिला बांधलेला दोरा पाण्यात सोडायचा. पाणी उडत जातं आणि दोऱ्यावर मिठाचे चौकोनी खडे जमतात. माघातले दिवस होते, हवा कोरडी होती. मी एक बरणी माझी लावायची, आणि पेणच्या खाडीकडच्या एका शाळेतल्या सातवीच्या मुलांच्या सहा बरण्या लावून घ्यायच्या. दोन आठवड्यांनी मुंबईचे पाहुणे रोह्याला येणार. त्यांच्यासमोर माझी बरणी, आणि मुलांतली जी सगळ्यात चांगली ती बरणी. ज्याची बरणी, ते मूल सोबत येणार आणि स्वतः बोलणार.

त्या शाळेतला माझा पहिला तास. शैलाताई दुसऱ्या शाळेत होत्या. मी सुरुवातीलाच विचारलं, "मीठ पाण्यात गेल्यावर दिसेनासं कामून होतं?" आणि वर्ग फुटला. कामून! आमच्याकडे 'का' ला कामून म्हणतात. मागचा एक पोरगा शेजारच्याला म्हणाला, "कामून रं कामून?" आणि सगळी बाकं हसली. मी पण हसल्यासारखं केलं. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दर्शना. उंच, सडपातळ, वेणीला काळी रिबीन. तिचे वडील आगरात कामाला. इथे मिठागराला नुसतं आगर म्हणतात. ती म्हणाली, "ताय, आमच्या आगरात मीठ पिकतं ना, तसंच हाय हे."

मी म्हणाले, "पिकतं? मीठ काय भात आहे पिकायला? पेरता का तुम्ही? कापणी कधी असते?"

वर्ग पुन्हा हसला, आणि या वेळी माझ्यावर नाही. मला किती बरं वाटलं ते मी अजून विसरले नाही. दर्शना बसली. बसता बसता हळूच म्हणाली, "पिकतंच म्हणतात आमच्यात." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

नंतर शैलाताईंना मी ही गंमत म्हणून सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अग, बरोबर बोलली ती. खडा वाढतोच की. आणि आधी एक छोटा खडा सोडला तर त्याच्याभोवती चांगला वाढतो. त्या छोट्या खड्याला बी म्हणतात. मी मान डोलावली. पुढच्या खेपेला वर्गात जाऊन हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पण ती चूक आजची गोष्ट नाही. तिच्यावर मी थांबले असते तर तुम्हाला त्रास दिला नसता.

बरण्या लावायच्या दिवशी दर्शनाने घरून एक बाटली आणली. आगरातलं पाणी. आमच्या कागदावर पाकिटातलं मीठ घ्या असं होतं. मी म्हणाले, कागदावर आहे तेच करायचं. ती म्हणाली, ताय, पाकिटाचं पाणी गढूळ होतं, बघा ना. आणि खरंच, बाकीच्या पाच बरण्यांतलं पाणी ताकासारखं झालं होतं. तिने आणलेलं पाणी रात्रभर निवळू दिलेलं, वरचं वरचं हळू ओतून घेतलेलं. दोऱ्याला तिने आगरातला एक खडा बांधून आणला होता, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. घासून, निवडून आणलेला. बी. तिला तो शब्द मी शिकवला नव्हता, ताईंनीही नाही. मी म्हणाले, कर तुला काय करायचं ते. तिने बरणी खिडकीपासून दूर, कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवली आणि सगळ्यांना बजावलं की हिला कुणी हात लावायचा नाय.

माझी बरणी गाडीत होती. हे सांगताना मला आज हसू येतं, पण तेव्हा सुचलंच नाही. संस्थेचं सामान गाडीतच ठेवायचं असं माझ्या डोक्यात बसलेलं. खोलीवर नेली आणि फुटली तर? उद्या कुणी म्हणालं की संस्थेच्या बरण्या घरी नेते तर? म्हणून मी ती पेटीत फडक्यांमध्ये नीट बसवून ठेवली. आणि गाडी रोज रोहा ते पेण, पेण ते रोहा. तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना मी वेगळं काय सांगू? बारा दिवस माझी बरणी डचमळत राहिली. दोऱ्यावर काही धरलं नाही. तळाशी रव्यासारखी पूड, बस.

आमचे ड्रायव्हर महादूदादा, पेणचेच. नवऱ्याच्या ओळखीचे म्हणून मला वहिनी म्हणायचे. ते रोज पेटी उघडून बघायचे आणि म्हणायचे, "वहिनी, तुमचा उपमा झाला का नाय अजून?"

मी हसायचे. आणि लगेच पेटीचं झाकण लावायचे.

आता ते सांगायला हवं. मी दोनदा पाणी पिऊन आले मधे.

पाहुणे सोमवारी येणार होते. शनिवारी सकाळची शाळा. मी मुलांच्या बरण्या बघायला आणि एक निवडून न्यायला गेले. शाळा सुटायच्या आधी मुलं मैदानात कवायतीला गेली होती. वर्गात मी एकटी. माझी बरणी मी गाडीतून वर्गात आणली होती, का, ते मी स्वतःलाही तेव्हा सांगितलं नव्हतं. मुलांच्या बरण्यांशी ताडून बघायची म्हणून, असं मनात म्हणत होते. पाच बरण्यांत थोडंफार. मग खालच्या फळीवरची दर्शनाची काढली.

मी तसा खडा त्याआधी बघितला नव्हता आणि नंतर आजवर आमच्या कुठल्याही वर्गात झालेला नाही. करंगळीच्या टोकाएवढा. चारी बाजू सरळ, कडा पट्टीने आखल्यासारख्या. आरपार दिसत होतं. मी पेन्सिल उचलून तो उजेडाकडे धरला, तेव्हा पलीकडचा फळा त्याच्यातून दिसला.

मी तो माझ्या बरणीत सोडला. माझा रिकामा दोरा तिच्या बरणीत सोडला. पेन्सिली एकसारख्या, दोरे एकाच रिळाचे. मग — इथे मी घाबरून गेले होते असं म्हणता आलं असतं, पण हात अजिबात थरथरत नव्हते — मग मी तिच्या बरणीतलं अर्धं पाणी खिडकीबाहेर ओतलं, माठातलं साधं पाणी भरलं आणि ढवळलं. तळाशी जे खडे होते तेही विरघळून जावेत म्हणून. ते विरघळेपर्यंत मी ढवळत उभी राहिले. त्याला वेळ लागतो. त्या सगळ्या वेळात मी थांबू शकत होते.

मुलं आली. सगळी आपापल्या बरण्यांकडे धावली. दर्शना खाली बसली, बरणीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं. रडली वगैरे नाही. म्हणाली, "काल व्हता, ताय. केवढा व्हता."

मी म्हणाले, विरघळला असेल.

ती म्हणाली, "भरलेल्या पान्यात विरगळंल कसा?"

सांगा मला, यावर काय उत्तर असतं? मिठाने भरलेलं पाणी आणखी मीठ घेत नाही, हे आम्हीच तिला पहिल्या दिवशी दाखवलं होतं. तिचं बरोबर होतं. दुसऱ्यांदा बरोबर होतं. मी म्हणाले, "आगराचं पाणी घाण असतं, म्हणून. मी सांगितलं होतं ना कागदावर आहे तसं कर? आणि काल केवढा होता म्हणतेस, बरणीतून सगळं मोठंच दिसतं. तुला वाटलं असेल."

तुला वाटलं असेल. हे वाक्य माझं आहे.

तिची वही होती. त्यात तिने रोज चित्र काढलं होतं, बाजूला पट्टी लावून माप लिहिलं होतं, अकरा दिवसांचं. वही शैलाताई बघणार होत्या. मी तिला वही काढायला लावली आणि शेवटचं वाक्य सांगितलं. तिने बाराव्या दिवसाखाली लिहिलं: आगराचे पाणी वापरल्यामुळे खडा विरघळला. मग मी म्हणाले की आधीची मापंही अंदाजाने लिहिलेली दिसतात, ती खोड. तिने रबर घेतला. एक एक आकडा खोडला. चित्रं मी राहू दिली. का राहू दिली माहीत नाही. घंटा झाली असेल.

सोबत न्यायला मी दुसऱ्याच एका मुलाची बरणी निवडली. बरा होता त्याचाही खडा. तो आनंदाने नाचला. दर्शनाने दप्तर भरलं. जाताना मला म्हणाली, "ताय, तुमचा कसा आला?" मी म्हणाले, चांगला आलाय. ती म्हणाली, "बघू?" मी बरणी फडक्यात गुंडाळलेली होती. म्हणाले, हलवायची नसते.

सोमवारी रोह्याला सगळं छान झालं. इतकं छान की मला आजही त्यातला शब्दन् शब्द पाठ आहे. एका बाईंनी भिंग लावून खडा पाहिला आणि विचारलं, कसा केलात? मी सांगितलं. पाणी रात्रभर निवळू द्यायचं, वरचं वरचं हळू ओतून घ्यायचं, एक निवडलेला खडा बी म्हणून बांधायचा, वाऱ्यापासून दूर ठेवायचं, हात लावायचा नाही. सगळं दर्शनाचं. मी एक गोष्टसुद्धा विसरले नाही. आणि शेवटी म्हणाले, "आमच्याकडे मीठ तयार होतं असं म्हणत नाहीत, मीठ पिकतं म्हणतात." त्या बाईंना ते फार आवडलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आमच्याकडे! आमच्याकडे ज्वारी पिकते. खाडी मी लग्नाआधी चित्रातसुद्धा पाहिली नव्हती. त्या खोलीत तो शब्द दर्शनाने म्हणायचा होता. तिच्या तोंडून आला तेव्हा मी तो हसण्यावारी नेला होता, आणि त्या दिवशी तोच पुढे करून मी नोकरी मिळवली.

शैलाताईंनी मला मिठी मारली. त्यांचे डोळे भरून आले होते.

महादूदादांना कळलं होतं. मुलाची बरणी शाळेत पोचवायला निघालो तेव्हा गाडीत आम्ही दोघंच. मुलाला त्याच्या वडिलांनी मोटारसायकलवरून नेलं होतं.  नागोठण्याच्या पुढे आल्यावर दादा म्हणाले, "वहिनी, शुक्रवारपर्यंत उपमा व्हता ना बरणीत?"

मी म्हणाले, हो, शनिवारी एकदम आला.

ते म्हणाले, "हं." आणि त्यानंतर मला कधी वहिनी म्हणाले नाहीत. नावाने, पुढे मॅडम. आधी मला वाटलं, नोकरी वाढली म्हणून मान देतायत.

त्यानंतर सात वर्षं मी शिकवतेय. चांगलं शिकवते, असं लोक म्हणतात. मुलं लांबून गाडी ओळखतात. शैलाताई आता पुण्याला गेल्या, पण फोन येतो, आणि दर वेळी त्या कुणाला तरी माझी ओळख करून देताना तो मिठाचा खडा सांगतात. सातवी शिकलेल्या बाईने बघा काय केलं होतं. मी ऐकून घेते. मी त्यांची इतकी ऋणी आहे की त्यांना हे सांगणं म्हणजे त्यांच्या हातातलं काही काढून घेणं होईल, असं मी स्वतःला सांगत आले. किती सोयीचं आहे ना हे? ताईंचं मन मोडायला नको म्हणून गप्प. भीतीला मी कृतज्ञतेचं नाव दिलं.

आणि दर्शना?

पुढच्या वर्षी ती आठवीला दुसऱ्या शाळेत गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिची गाठ पडली ती गेल्या श्रावणात. आमच्या मुलांना शाडूची माती आणि प्लास्टर पाण्यात कसं वागतं ते दाखवायचं होतं, म्हणून नमुने आणायला मी पेणजवळ जोह्याला एका गणपतीच्या कारखान्यात गेले. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने मूर्ती, आणि एका मूर्तीसमोर पाटावर बसून एक मुलगी डोळ्यांची आखणी करत होती. हे काम सगळ्यांना देत नाहीत. एक डोळा झाला की दुसरा त्याच्या बरोबरीचाच उतरावा लागतो. मी तिचा हात बघत उभी होते. तिने ब्रश उचलला, वर बघितलं आणि ओरडलीच, "ताय! विज्ञानाच्या ताय ना तुम्ही?"

मला बसायला पाट दिला. चहा मागवला. शेजारच्या बाईला म्हणाली, "काकी, या आमच्या ताय गो, मी सांगते ना त्या." मग मला म्हणाली, "आठवतं का ताय, मी आगराचं पानी घालून सगळा इस्कोट केला होता?" आणि हसायला लागली. काकी पण हसली. ती गोष्ट त्या शेडमध्ये सगळ्यांना माहीत होती. ती स्वतःच सांगत असे, आपल्या फजितीची म्हणून.

मी विचारलं, पुढे काय शिकलीस. बारावी झाली, म्हणाली, आर्ट्सला. दहावीला मार्क बरे होते, पण सायन्स आपल्याला झेपत नाय, ते तेव्हाच कळलं. बोलताना तिने दुसऱ्या डोळ्याची रेघ ओढली, एका दमात. मग म्हणाली की त्या दिवशी घरी जाऊन तिने बाबांना सांगितलं होतं, आपलं पाणी घाण हाय. बाबा उठून आगरात गेले आणि ओंजळीत पाणी घेऊन चव बघितली. परत आले, जेवले. दोन-तीन दिवस रोज जाऊन चव बघत होते.

"त्यांना लय लागलं ते," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाबा, ताय शिकलेल्या हायेत, त्यांना कळतं."

चहा आला होता. मी तो पूर्ण प्यायले. शेडमध्ये आम्ही तिघीच होतो, पंखा बंद होता, बाहेर टेम्पोत मूर्ती चढवत होते. बोलायला यापेक्षा चांगली वेळ नव्हती आणि अडवणारं कुणी नव्हतं. मी तिला म्हणाले, हात चांगला आहे तुझा. ती लाजली. नमुन्याची माती तिने पिशवीत भरून दिली, गाठ मारून दिली.

त्या दिवशी मी दुसऱ्यांदा केलं तेच. पहिल्यांदा नोकरी जायची भीती होती. आता नोकरी कायम आहे, कुणी काढणार नाही, सातवीचा विषय कुणी काढत नाही. तरीही नाही बोलले. मग पहिल्या वेळचं कारणही भीती हेच होतं का, हा प्रश्न मला पडतो. त्याचं उत्तर मी शोधलेलं नाही.

तिचा खडा चांगला होता. माप अकराही दिवसांचं बरोबर होतं. तिच्या बाबांच्या पाण्यात काही दोष नव्हता. या तीन गोष्टी ज्यांना माहीत असायला हव्यात त्या दोघांना माहीत नाहीत.

या वर्षी हमरापूरकडची एक शाळा आमच्याकडे आली आहे. दर गुरुवारी गाडी जोह्यावरून जाते. कारखान्यासमोर रस्ता अरुंद आहे, टेम्पो उभे असतात, दादांना गाडी थांबवावी लागते, कधी कधी पाच-सात मिनिटं. शेडचं दार उघडं असतं. दर्शना पाठमोरी बसलेली दिसते.

मी उतरत नाही.